आकडा बरोबर, निदान चूक

गीझर लावला की थोड्या वेळात घरभरची वीज जाते, अशी तक्रार होती. त्या वस्तीतून येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं, त्यामुळे नवी कॉइल आणि गॅस्केट बरोबर घेऊनच निघालो. तिथल्या नळाला येणारं पाणी जमिनीखालचं, चुनखडीतून झिरपलेलं. दिसायला नितळ, प्यायला ठीक, पण चांगलंच जड, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असलेलं.

काकूंनी गीझरच्या आधी बाथरूमच दाखवलं. शॉवरची निम्मी भोकं बुजलेली, काचेवर पांढरे ओघळ, टॉवेल वाळून ताठ. "साबण कितीही लावा, फेस नाही. वर अंगाला काहीतरी चिकटून राहतं." ते चिकटणारं साबणापासूनच बनलेलं असतं. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि त्याचा न विरघळणारा साका होतो. हे धरणं संपेपर्यंत फेसाच्या वाट्याला साबण येतच नाही.

मेन स्विच बंद करून गीझर रिकामा केला, खालची प्लेट सोडवली, तर कॉइल बाहेर निघेना. भोवती क्षाराचा एवढा जाड थर, की ती आली त्याच भोकातून परत जाईना. खरवडून खरवडून काढली. टाकीच्या तळाशी खपल्यांचा ढीग होता. एक खपली व्हिनेगरमध्ये टाकून काकूंना दाखवली. ती लगेच फसफसली. म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी तापलं की त्यातलं विरघळलेलं बायकार्बोनेट फुटतं, वायू निघून जातो आणि हा चुना मागे राहतो. तो सगळ्यात आधी बसतो सगळ्यात गरम जागी, म्हणजे कॉइलवरच. मग उष्णता पाण्यात जात नाही, कॉइल आतल्या आत तापत राहते. हिची नळी उभी चिरली होती. आतल्या पांढऱ्या पावडरीत पाणी शिरलं की करंट पाण्यात उतरतो. सेफ्टी स्विच पडत होता हे नशीबच. "तो काढूनच टाकूया का?" असं विचारणारेही भेटतात!

इथपर्यंत नेहमीचंच. खरी गंमत पुढे होती. पाण्याचा मुख्य कॉक शोधायला मागच्या गॅलरीत गेलो, तर तिथे चांगला मोठा वॉटर सॉफ्टनर उभा, आणि त्याचा बायपास पूर्ण उघडा. यंत्र घरात असून पाणी त्याला वळसा घालून जात होतं.

"मीच बंद केला," काका म्हणाले. "फसवणूक आहे नुसती." खिशातून पेनासारखं टीडीएस मीटर काढून त्यांनी नळाच्या पाण्यात बुडवलं: ६४०. "सॉफ्टनरनंतरही एवढाच आकडा यायचा. मग उपयोग काय?"

मीटर खोटं बोलत नव्हतं. ते पाण्यातून वीज किती वाहते यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतं. ते क्षार कोणते, हे त्याला कळत नाही. सॉफ्टनर क्षार काढतच नाही, अदलाबदल करतो. त्यातली रेझिन, म्हणजे बारीक मणी, कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते. एकूण आकडा जवळजवळ तोच राहतो, पण सोडियम कॉइलवर थर धरत नाही आणि फेसही मारत नाही.

नुसत्या सांगण्याने काका ऐकणारे नव्हते. माझ्याकडे जडपणा मोजायचं थेंबांचं किट असतं. ते वापरल्यावर नळाचं पाणी लाल झालं. निळं व्हायला २२ थेंब लागले. या किटचा एक थेंब म्हणजे लिटरमागे २० मिलिग्रॅम, म्हणजे ४४० झाले. १८० च्या वर गेलं की पाणी फार जड धरतात. मग सॉफ्टनरच्या टाकीत गोळा होऊन दगड झालेलं मीठ फोडलं, रेझिन मिठाच्या पाण्याने धुवायला लावली आणि तेवढ्यात नवी कॉइल बसवली. नंतर सॉफ्टनरमधून आलेलं पाणी तपासलं, तर पहिल्याच थेंबाला निळं. काकांनी त्याच पाण्यात मीटर बुडवलं. आकडा ६४० च्या आसपासच. ते बराच वेळ दोन्ही ग्लासांकडे बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे मी इतके महिने चुकीची गोष्ट मोजत होतो." मग लगेच, "आणि पाइपावर लावायचे ते चुंबक?" त्यांनी फरक पडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही, एवढंच सांगितलं.

गीझरचा थर्मोस्टॅट शेवटापर्यंत फिरवलेला होता, तो ६० अंशांवर आणला. पाणी जितकं जास्त तापवाल तितका चुना जास्त बसतो. पण साठवणीच्या टाकीत फार कोमट ठेवलं तर जंतू वाढायची भीती, म्हणून त्याखाली नेला नाही.

निघता निघता काकूंनी विचारलं, हे पाणी प्यायला चालेल ना? काकांना रक्तदाबामुळे मीठ कमी सांगितलेलं. दर १०० मिलिग्रॅम जडपणा काढताना पाण्यात साधारण ४६ मिलिग्रॅम सोडियम येतं; ४४० ला ते २०० च्या घरात जातं. म्हणून पुन्हा पाना काढला आणि स्वयंपाकघराची लाइन सॉफ्टनरच्या आधीच वेगळी करून दिली. तिथला नळ आणि किटली पांढरी होत राहणार, त्यावर अधूनमधून व्हिनेगर. काकूंना ते फारसं आवडलं नाही.