घेवड्याच्या करपलेल्या कडा

"पालाश कमी पडलाय, आणखी किती देऊ तेवढं सांगा," असं म्हणत शेतकऱ्याने घेवड्याची पानं माझ्या हातात दिली. सगळी खालची, जून पानं. कडा पिवळ्या पडून पुढे तपकिरी झालेल्या, बोटाने दाबल्या की चुरा होणाऱ्या. शेंडे मात्र हिरवे. पालाशाची, म्हणजे पोटॅशची, कमतरता हुबेहूब अशीच दिसते, त्यामुळे त्याचा अंदाज वावगा नव्हता. पण पालाश देऊनही पानं करपणं थांबलं नव्हतं.

प्लॉट बघितला तर करपलेली झाडं पट्ट्यापट्ट्यांनी होती. एक पट्टा खुरटलेला, लगतच्या ओळी ठीक. हाताने खतासारखं काही फेकलं की असे पट्टे उठतात. "आधी काय होतं इथे?"

फ्लॉवर होता. त्याचे दांडे पोकळ निघाले म्हणून बोरॅक्स, म्हणजे बोरॉनचं खत, टाकलं, आणि गुण दिसेना म्हणून पुन्हा टाकलं.

इथे कोडं सुटलं. बोरॉन मुळांतून पाण्याबरोबर वर चढतं. पाणी पानातून उडून जातं, बोरॉन कडेला साचत राहतं. बहुतेक भाज्यांत ते एकदा पानात गेलं की तिथून फारसं हलत नाही. म्हणून कमी पडलं तर शेंडा मरतो आणि जास्त झालं तर जून पानं करपतात. फ्लॉवर ते बरंच सोसतो, घेवड्याला थोडंही जास्त झालं तरी बाधतं.

पोकळ दांड्याचा फोटो त्याच्या मोबाईलमध्ये होता. पोकळी आतून पांढरी, स्वच्छ. बोरॉन कमी असतं तेव्हा ती सहसा तपकिरी पडते. नत्र भरपूर आणि झाडं विरळ असली की वाढ झपाट्याने होते आणि नुसत्या त्यानेही दांडा पोकळ होतो. नत्र सढळ हाताने दिलं होतं, हे त्यानेच सांगितलं. मला याचंच फार वाईट वाटतं: माती न तपासता सूक्ष्म अन्नद्रव्य टाकायचं, आणि फटका बसतो पुढच्या पिकाला.

खराब आणि चांगल्या पट्ट्यातली माती व पानं वेगवेगळी तपासायला पाठवली. खराब पट्ट्यातल्या पानांत पालाश पुरेसा होता, बोरॉन मात्र चांगल्या पट्ट्याच्या कितीतरी पट. पालाश बंद करायला सांगितलं. निचऱ्याचे चर मोकळे करून चांगलं पाणी भरपूर द्यायचं, म्हणजे बोरॉन खाली धुऊन जाईल. क्षार धुवायला लागतं त्यापेक्षा त्याला जास्त पाणी लागतं. पुढचं पीक त्या पट्ट्यांत बोरॉन सोसणाऱ्या बीटाचं घ्यायचं ठरलं, आणि त्याआधी माती पुन्हा तपासायची.