पत्रिकांचे पत्ते आणि रिकामे रकाने

ताईच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या आणि पाकिटांवरच्या पत्त्यांची लेबलं करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बाबांनी एक्सेलमध्ये यादी आधीच केली होती, अगदी शिस्तीत: फ्लॅट, इमारत, रस्ता, पेठ किंवा गाव, तालुका, जिल्हा, पिन. सात कॉलम. मला ते सगळं एका सेलमध्ये हवं होतं.

गोची अशी, की पुण्यातल्या काकांचे सहा रकाने भरलेले आणि पाटण तालुक्यातल्या मामाआजोबांचे फक्त शेवटचे चार. त्यांच्याकडे कुठला आलाय फ्लॅट! मी आपलं सातही सेल मध्ये स्वल्पविराम घालत 'अँड'च्या चिन्हाने जोडले, तर आजोबांच्या पत्त्याच्या सुरुवातीलाच तीन स्वल्पविराम रांगेत उभे.

मग एक जुनी युक्ती केली. सेल नुसत्या स्पेसने जोडायचे, ट्रिमने जादा स्पेस उडवायच्या आणि उरलेल्यांच्या जागी सबस्टिट्यूटने स्वल्पविराम आणायचा. आला की! 'सदाशिव, पेठ'. 'लक्ष्मी, रोड'. एकशब्दी नोंदी असत्या तर जमलंही असतं.

टेक्स्टजॉइन हे फंक्शन नेमकं यासाठीच आहे, पण ते एक्सेल २०१९ पासूनचं. आमच्या लॅपटॉपवर २०१६, त्यामुळे सेलमध्ये नुसती 'नेम' एरर, म्हणजे हे नावच ओळखीचं नाही. फाइल सरळ गूगल शीट्सवर चढवली, तिथे ते फुकटात मिळतं. त्याला तीनच गोष्टी सांगायच्या: मध्ये काय घालायचं, रिकामे सेल वगळायचे का आणि कुठून कुठपर्यंत जोडायचं. दुसऱ्या जागी 'ट्रू' लिहिलं, फॉर्म्युला खाली ओढला, काम फत्ते.

तरी आठ-दहा पत्त्यांत जोड-स्वल्पविराम होतेच. सेल तर कोरे दिसत होते. तासभर डोकं खाजवल्यावर सेलमधली अक्षरं मोजणारं लेन हे फंक्शन लावून पाहिलं, उत्तर आलं १. म्हणजे आत एक स्पेस! बाबा रकाना पुसायला डिलीट नाही, स्पेसबार दाबतात. शेवटी रेंजला आतून ट्रिम आणि ते प्रत्येक सेलला लागावं म्हणून सगळ्याला बाहेरून ॲरेफॉर्म्युला गुंडाळला, तेव्हा पत्ते स्वच्छ झाले.

लेबलासाठी स्वल्पविरामाच्या जागी कॅर १०, म्हणजे नव्या ओळीचं चिन्ह, टाकलं, की प्रत्येक भाग नव्या ओळीवर जातो. ठाण्याच्या आत्याचे मात्र सातही रकाने भरलेले. तिचा पिन लेबलाबाहेर गेला. तिचं पाकीट बाबांनी हाताने लिहिलं.