फ्रान्सचं मिठाचं बटर घरी आणायचंय? मग विमानतळावर घेऊ नका

सगळ्यात आधी हे वाचा. बटर पॅरिसच्या विमानतळावर घेऊ नका, आणि वाटेत विमान बदलायचं असेल तर मुळीच घेऊ नका. "निघताना शेवटी घ्या, सीलबंद पिशवीत देतात, हातात धरून आणता येतं," असं मला तिकडे जाऊन आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं होतं. विमानतळावरच्या विक्रेत्यानेही तेच छातीठोकपणे सांगितलं: बिल पिशवीतच राहू द्या, कुठेही अडवणार नाहीत.

अडवलं. आखातातल्या ज्या विमानतळावर आम्ही विमान बदललं, तिथे सगळ्या प्रवाशांची नव्याने तपासणी होती. पिशवी फोडली, वड्या बाहेर काढल्या आणि समोरच्या पिंपात टाकल्या. तपासणीच्या दृष्टीने बटर, जॅम, मऊ चीज हे सगळं द्रवपदार्थांतच मोडतं आणि बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानात त्याला १०० मिलिलिटरची मर्यादा असते. सीलबंद पिशवीला सवलत असते खरी, पण ती मानायची की नाही हे पुढचा विमानतळ ठरवतो. विकणारा काय सांगतो याला तिथे काडीची किंमत नाही. मध्यरात्र उलटून गेलेली, पाय सुजलेले, मागे शंभर माणसांची रांग. अशा वेळी वाद घालण्याची ताकद कोणाच्या अंगात असते? आणि पैसे? शहरातल्या सुपरमार्केटमध्ये साडेचार युरोला घेतली होती तशीच १२५ ग्रॅमची वडी विमानतळावर जवळपास दुप्पट भावाने घेतली होती, कारण "हातातली वडी शेवटपर्यंत थंड राहते" म्हणे.

त्याच प्रवासात चेक-इन बॅगेत ठेवलेलं बटर पुण्यात पोचलं तेव्हा बोटाने दाबलं तरी खड्डा पडत नव्हता. म्हणून हा सगळा खटाटोप लिहिते आहे. आणायला ते सोपं आहे. फक्त शहरात घ्या, गोठवा आणि मोठ्या बॅगेत टाका.

आता काय घ्यायचं ते. वेष्टनावर "बर दू" असेल तर ते बिनमिठाचं, तिकडे फ्रान्सभर तेच जास्त चालतं. आपल्याला हवं ते "बर दमी-सेल", म्हणजे अर्ध्या टक्क्यापासून तीन टक्क्यांपर्यंत मीठ असलेलं. त्याहून जास्त मीठ असेल तर नुसतं "साले". खारं बटर ही ब्रिटनीची, म्हणजे फ्रान्सच्या वायव्येकडच्या प्रांताची खासियत. राज्यक्रांतीच्या आधी, राजेशाहीत फ्रान्सच्या बऱ्याच भागात मिठावर जबर कर होता, गाबेल नावाचा. ब्रिटनीला त्यातून सूट होती, मीठ स्वस्त होतं, आणि तिथल्या लोकांनी ते बटरमध्ये सढळ हाताने घातलं. तो कर १७९० मध्ये गेला, चव राहिली.

अमूलवर वाढलेल्या माणसाला मिठाचं बटर नवं नाही, मग एवढं काय, असं मलाही विचारलं गेलं. फरक मिठात कमी आणि सायीत जास्त आहे. तिथल्या चांगल्या बटरची साय आधी आंबवतात आणि मग घुसळतात, आपण विरजण लावलेली साय घुसळून घरी लोणी काढतो तसंच. त्यामुळे त्या बटरला किंचित आंबूस, भरदार वास असतो. वर मिठाचे खडे दाताखाली येतात ते वेगळंच. "क्रिस्ताल द सेल" किंवा "फ्लर द सेल" लिहिलेलं घ्या. पश्चिम किनाऱ्यावरच्या गेराँदचं किंवा न्वारमूत्येचं समुद्री मीठ घातलेलं असेल तर डोळे मिटून घ्या. "बर क्रू" म्हणजे कच्च्या दुधाचं. त्याचं आयुष्य कमी असतं, ते तिथेच खाऊन या, आणू नका.

वेष्टनावरच्या चित्रावर अजिबात विश्वास ठेवू नका. पर्यटकांच्या गल्लीतल्या दुकानांत दीपगृह, निळेपांढरे पट्टे, कोळ्याची टोपी असं सगळं छापलेलं असतं आणि भाव दीडपट. पाकीट उलटं करा. मागे एक छोटा लंबगोल शिक्का असतो, त्यात फ्रान्सची अक्षरं आणि खाली आकडा. आकड्याचे पहिले दोन अंक म्हणजे जिथे माल तयार झाला किंवा बांधला गेला तो जिल्हा. २२, २९, ३५, ५६ हे ब्रिटनीचे. १४ आणि ५० शेजारच्या नॉर्मंडी प्रांताचे, ७९ म्हणजे दू-सेव्र, जिथे बटरसाठी नावाजलेलं एशिरे गाव आहे. ब्रिटनीच्या नावाने विकत असलेल्या एका सुबक डब्यावर मला भलताच आकडा दिसला, मी तो जागेवर ठेवला. नॉर्मंडीचं इझिन्यी आणि पश्चिमेचं शारांत-प्वातू यांना एओपी हा संरक्षित दर्जा आहे. दोन्ही उत्तम आहेत, त्यांचंही मिठाचं बटर मिळतं. एशिरेचं तर माझ्या मते ब्रेडवर लावायला सगळ्यात सरळ आणि स्वच्छ चवीचं.

बोर्दिए या नावाजलेल्या बटरबद्दल सगळे विचारतात. ब्रिटनीतल्या सँ-मालो गावाच्या तटबंदीच्या आत, र्यू द लॉर्म या रस्त्यावर त्यांचं दुकान आहे. झाँ-इव्ह बोर्दिए यांनी ते १९८५ मध्ये घेतलं. बटर मळून, लाकडी फळ्यांनी थापून त्याला आकार देतात. पॅरिसच्या माँपारनास स्टेशनवरून तेजेवे या वेगवान रेल्वेने सँ-मालोला जाता येतं, गाव सुंदर आहे, तटबंदी चालून होते, ते तुम्ही बघालच. पण फक्त बटरसाठी तिथे जायची गरज नाही. तीच वडी पॅरिसमधल्या चांगल्या चीजच्या दुकानांत, मोठ्या फूड हॉलमध्ये आणि काही सुपरमार्केटांत मिळते. चवींच्या वड्यांपैकी समुद्री शेवाळाची जरूर घ्या, मासे तळून झाल्यावर त्यावर एक तुकडा ठेवा. व्हॅनिलाची आणि युझु या जपानी लिंबाची बॅगेतल्या जागेच्या लायकीची नाही. साधी खारी सगळ्यांत वरचढ. आणि पैसे जपायचे असतील तर सुपरमार्केटमधलं मिठाच्या खड्यांचं अडीचशे ग्रॅमचं पाकीट घ्या. मला तीन युरोच्या आसपास पडलं आणि घरातल्या निम्म्या लोकांना तेच जास्त आवडलं.

चीजच्या दुकानात घेतलं तर "सू व्हीद, सिल व्हू प्ले" म्हणा. हवा काढून पाकीट बंद करून देतात, बऱ्याच ठिकाणी फुकट. आमच्याकडे एकाने त्याचे वेगळे पैसे मागितले, मी शेजारच्या दुकानात गेले. एक लक्षात ठेवा: यांतली बरीच दुकानं रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी बंद असतात. मंगळवारी सकाळचं विमान असेल तर खरेदी रविवारी सकाळीच उरका.

हॉटेलच्या खोलीतला छोटा फ्रिज गोठवत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. रिसेप्शनवर जाऊन "कॉन्जेलातर" हवा म्हणून सांगा, स्वयंपाकघराच्या फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवतात. नाव आणि खोली क्रमांक पाकिटावर लिहा आणि सकाळी टॅक्सी बोलावण्याआधी परत मागा. निघताना गोठलेल्या वड्या वर्तमानपत्रात गुंडाळून इन्सुलेटेड पिशवीत, ती पिशवी बॅगेच्या मधोमध, चहूबाजूंनी स्वेटर आणि जीन्स. ड्राय आइसच्या फंदात पडू नका, त्याला विमान कंपनीची परवानगी लागते आणि एवढ्याशा प्रवासाला त्याची गरजही नाही.

विमानात बटरला काही होत नाही. खरा धोका मुंबईत उतरल्यावर सुरू होतो. पट्ट्यावर बॅग यायला तास लागू शकतो, मग मे महिन्यातली गाडीची डिकी, मग खंडाळ्याच्या घाटात ट्रकांची रांग. बटर तिशीच्या वर गेलं की गेलंच. बॅग हातात आल्यावर तिथेच उघडा, बटरची पिशवी गाडीत आपल्या पायाशी, एसीच्या झोतात ठेवा. डिकीत ठेवू नका. पुण्यापुढे कोल्हापूर, सोलापूरला जाणार असाल तर मुंबईत किंवा पुण्यात कोणाच्या तरी फ्रीझरमध्ये रात्र काढा, नाहीतर थंडीच्या दिवसांत आणा.

कस्टम्सच्या घोषणापत्रात दुग्धजन्य पदार्थांचा उल्लेख स्पष्ट आहे. खरं ते लिहा. आम्ही लिहिलं, अधिकाऱ्याने पाहिलं आणि जाऊ दिलं, पण ते ठेवून घेऊ शकतात, हे धरूनच घ्या. म्हणूनच किलोभराच्या वर आणू नका. आणि येताना लंडनला नातेवाइकांकडे थांबणार असाल तर बटर विसरा. १२ एप्रिल २०२५ पासून युरोपीय संघातून ग्रेट ब्रिटनमध्ये प्रवाशांना दूध, चीज, बटर काहीच नेता येत नाही. दुकानातून घेतलेलं आणि सीलबंद असलं तरी नाही.

घरी पोचल्यावर झोपायच्या आधी हे करा: वड्यांचे पन्नास-पन्नास ग्रॅमचे तुकडे, प्रत्येक तुकडा बटर पेपरमध्ये, सगळे घट्ट झाकणाच्या डब्यात. बटर शेजारच्या प्रत्येक गोष्टीचा वास ओढून घेतं, त्यामुळे फ्रीझरमध्ये बोंबील किंवा सोडे असतील तर डबा दुसऱ्या कप्प्यात. खाण्याच्या आदल्या रात्री एकच तुकडा खाली फ्रिजमध्ये उतरवा. पावभाजीत, डोशावर किंवा तव्यावर ते घालू नका, तापवलं की मिठाचे खडे विरतात आणि नुसतं खारट लागतं. ताजा पाव घ्या, नाहीतर गरम नसलेली, कोमट झालेली तांदळाची भाकरी, आणि बटर जाड लावा, पसरवू नका.