शिक्का मिळेपर्यंत: नैरोबीतला माझा अनुभव

केनियात चिनी कंपन्यांच्या कामांवर बातमी करायची म्हटलं की जो तो एकच ऐकवतो: "चिनी लोक तोंड उघडत नाहीत." माझे साडेतीन महिने मात्र खाल्ले ते एका अस्सल केनियन सरकारी टेबलानं. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

मला हवं होतं ते फार मोठं नव्हतं. एका चिनी कंत्राटदाराच्या रस्त्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांतल्या किती जणांना पैसे मिळाले, त्याची यादी. रस्ता कुठला आणि कार्यालय कुठलं ते सांगत नाही, कारण माझ्याशी बोललेली माणसं अजून तिथंच राहतात.

परवाना, मीडिया कौन्सिलचं कार्ड, गावातल्या मुलाखती हे सगळं झालं. अडलं ते कागदापाशी.

पुण्यात असताना माहिती अधिकाराचे कितीतरी अर्ज टाकले होते. दहा रुपयांचा स्टॅम्प लावायचा, ३० दिवस वाट बघायची, नाहीतर अपील. केनियाचा कायदा २०१६ चा. अर्जाला फी नाही आणि मुदत २१ दिवसांची. म्हटलं, हे तर आपल्यापेक्षा बरं! झोकात सही करून अर्ज घेऊन गेले.

काउंटरवरच्या बाईंनी तो शांतपणे वाचला. "दादा, ओळखपत्र?" (स्वाहिलीत दादा म्हणजे ताई. नैरोबीत पहिल्यांदा कुणी अशी हाक मारली तेव्हा मी मागं कोण आलंय ते बघितलं होतं.) मी पासपोर्ट पुढं केला, त्यांनी तो तसाच परत सरकवला. हा हक्क फक्त केनियाच्या नागरिकांना आहे. आपल्या कायद्यातही कलम ३ मध्ये हेच लिहिलंय, पण तिथं मी नागरिक होते, त्यामुळे ते कलम कधी टोचलंच नव्हतं. चूक माझी. तुम्ही करू नका. बातमीत पहिल्या दिवसापासून एक स्थानिक सहकारी बरोबरीनं असू द्या, आणि बातमीवर तिचंही नाव येऊ द्या.

दुसऱ्यांदा अर्ज सहकारीच्या नावानं नेला. तो म्हणे चुकीच्या पदनामाला लिहिला होता. कायद्याप्रमाणे कार्यालयाचा प्रमुख हाच माहिती अधिकारी, आम्ही मात्र जनसंपर्कवाल्याला लिहिलं होतं. ठीक आहे. तिसऱ्यांदा गेलो तर "म्झे हायुको", म्हणजे साहेब नाहीत. चौथ्यांदाही म्झे हायुको. मग अर्ज ठेवून घ्या आणि आमच्या प्रतीवर पोच द्या, एवढंच मागितलं. अर्ज घेतला, शिक्का मात्र दिला नाही. शिक्का खणात, खणाला कुलूप, किल्ली साहेबांकडे. "रुदी केशो." उद्या या.

वरवर बघता फुटकळ वाटेल. पण २१ दिवस मोजायचे ते अर्ज पोचल्याच्या तारखेपासून, आणि पोचल्याचा पुरावा तो शिक्का. शिक्का नाही म्हणजे तारीख नाही, तारीख नाही म्हणजे मुदत संपत नाही, आणि मुदत संपल्याशिवाय तक्रार कशाची करणार? कायदा कसा मारायचा हे त्या टेबलाला आपल्या तालुक्याच्या कचेरीइतकंच नीट ठाऊक होतं. बाकावर शेजारी बसलेल्या एका आजोबांनी हळूच सुचवलं, "कितू किदोगो." शब्दशः 'थोडंसं काहीतरी', आपल्या भाषेत चहापाणी. सहकारी इतकी भडकली की मलाच तिला बाहेर न्यावं लागलं.

पाचव्या खेपेआधी तिनं शहाणपणा केला. तोच अर्ज कार्यालयाला ईमेल केला आणि लोकपालाचं काम पाहणाऱ्या आयोगाला प्रत लावली. दुसऱ्या दिवशी गेलो तर खण उघडा, शिक्का टेबलावर. म्झे तेव्हाही नव्हतेच! हे आम्हाला पहिल्याच दिवशी सुचलं असतं तर पाच आठवडे वाचले असते.

पुढं २१ दिवस शुकशुकाट. उत्तर न येणं म्हणजे नकारच धरला जातो, मग ३० दिवसांच्या आत आयोगाकडे जायचं. गेलो. शेवटी १४ पानं आली.

पानं वाचल्यावर आमची बातमीच फिरली. गावात सगळे म्हणत होते, "वाचायना"नी, म्हणजे चिन्यांनी, पैसे बुडवले. पण जमिनीची भरपाई देणं हे सरकारचं काम, कंत्राटदाराचं नाही, आणि यादीतल्या निम्म्याहून जास्त नावांसमोरचा रकाना कोरा होता.

याचा अर्थ चिनी बाजू पारदर्शक असते असा नाही. मोंबासा–नैरोबी रेल्वेच्या कर्जाचे करार २०१४ मध्ये झाले, गाडी २०१७ मध्ये धावली आणि काही करार लोकांसमोर आले ते थेट नोव्हेंबर २०२२ मध्ये. त्याआधी खलीफा आणि गिकोन्यो या दोन कार्यकर्त्यांना मोंबासाच्या उच्च न्यायालयात जावं लागलं होतं. करारात गुप्ततेचं कलम होतं, आणि वाद झाला तर लवाद बीजिंगमध्ये. पण त्या गुप्ततेखाली सही दोघांची होती.

आता आठवतंय तसं सांगते. चिनी अधिकाऱ्याचं व्हिजिटिंग कार्ड मिळालं तर चिनी अक्षरांची बाजू आधी जपा. रोमन लिपीत एकाच नावाची हजारो माणसं निघतात. ईमेलला उत्तर येत नसेल तर वीचॅटवर, म्हणजे चिन्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपसारख्या अ‍ॅपवर, लिहून बघा. कंपनी इंग्रजी संकेतस्थळावर जे सांगत नाही ते चिनी पानावर कधीकधी अभिमानानं मिरवते, आणि तिची मूळ कंपनी हाँगकाँगच्या शेअर बाजारात असेल तर मोठ्या कंत्राटांचे आकडे तिथल्या घोषणांत सापडू शकतात. केनियात नोंदलेल्या कंपनीचे संचालक आणि भागधारक बघायचे तर सीआर१२ हा उतारा ऑनलाइन मागवता येतो. पैशांची अडचण असेल तर जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठात २००९ पासून आफ्रिका–चीन वार्तांकनाचा प्रकल्प चालतो, तो पत्रकारांना छोटी अनुदानं देतो.

आणि हो, शिक्का मारून मिळाला की काउंटर सोडायच्या आत तारीख वाचा. आमच्या प्रतीवर आधी पुढच्या महिन्याची पडली होती.