आगोर कुठल्या रकान्यात टाकायचा?

मी सोलापूरची. जैसलमेरला इंटर्नशिप मिळाली म्हटल्यावर नातेवाइकांचा एकच प्रश्न, "माळढोक दिसला का?" नाही दिसला. आमचं काम पक्ष्यांचं नव्हतंच, ओरणांच्या हद्दी नकाशावर आणायचं होतं.

ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. देवराईच, पण सह्याद्रीतली गर्द झाडी डोळ्यांसमोर आणू नका. इथे लांबच लांब सेवण गवत, केर, बोरी, जाळ आणि मधूनच एखादी खेजडी, म्हणजे आपली शमी. हिरव्या झाडाला कुऱ्हाड लागत नाही, गुरं मात्र बिनदिक्कत चरतात. महसुली कागदावर यातलं पुष्कळसं 'बंजड' सरकारी जमीन म्हणून लागलेलं आहे, आणि पडीक म्हटलं की ती सौर प्रकल्पाला देताना कुणाचा हात अडखळत नाही. १८ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानच्या वन विभागाला अशा प्रत्येक राखीव रानाचा जमिनीवर फिरून आणि उपग्रहावरून नकाशा करायला सांगितलं. तेव्हापासून आमच्यासारख्यांना एकदम भाव आलाय.

हातात जीपीएस घेऊन कडेने चालायचं, एवढंच काम वाटतं. तो भाग खरंच सोपा आहे. वर मोकळं आभाळ, तीन-चार मीटरची अचूकता सहज मिळते. डोकं खातो तो पटवाऱ्याकडचा, म्हणजे आपल्या तलाठ्याकडचा, गावनकाशा. मूळ कापडावरचा, नंतर स्कॅन केलेला, अक्षांश-रेखांशांचा पत्ता नाही. तो जमिनीवर बसवायला न हललेल्या खुणा शोधाव्या लागतात : जुनी विहीर, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड. रस्ते धरलेत तर फसलात, कारण निम्मे रस्ते प्रकल्पवाल्यांनी हल्लीच केलेत. त्यात आधीच्या कुणीतरी सगळ्या फायलींना यूटीएमचा ४३ नंबरचा पट्टा चिकटवून ठेवला होता. (यूटीएम म्हणजे जागा मीटरमध्ये मोजायची पद्धत; त्यात पृथ्वीचे उभे, नंबर दिलेले पट्टे पाडलेले असतात.) पुण्या-सोलापुरात तोच चालतो, पण जैसलमेर ४२ मध्ये येतं. आकडे ४२ चे आणि लेबल ४३ चं लावलं की अख्खं ओरण उचलून जयपूरच्याही पूर्वेला जाऊन पडतं. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण अहवालात फक्त बिघे छापले होते आणि क्षेत्रफळ बरोबरच येत होतं. नकाशा उघडून बघायचे कष्ट घेतो कोण!

त्या दिवशी हद्द दाखवायला गावातले एक वयस्कर मेंढपाळ आले होते. सगळे त्यांना बासा म्हणत, मीही म्हणे. मेंढ्या नातवावर सोपवून ते पुढे निघाले आणि प्रत्येक दगड न चुकता दाखवत गेले. दुपारी मात्र त्यांनी हद्द सोडली आणि सरळ बाहेर चालू लागले. मी हाक मारली, "बासा, सीमा तो इधर है ना?"

"सींव तो अठै ही है, बाईसा. पण पाणी उठै सूं आवै."

ओरणातल्या नाडीत, म्हणजे तळ्यात, पाणी येतं ते बाहेरच्या आगोरातून. आगोर म्हणजे पावसाचं पाणी वाहून येतं तो सगळा उतार. मला तिथे उतार दिसतच नव्हता. सपाट माळ. बासांनी काठीने जमीन दाखवली : लेंड्या, गवताच्या काड्या, बोरीची सुकी पानं एका बारीक ओळीत पडलेली. गेल्या पावसात पाणी तिथवर चढलं होतं. थोडं पुढे तशीच दुसरी ओळ. मग मला ती वळणं दिसायलाच लागली आणि मी अधाशासारखे बिंदू घेत सुटले. आमच्याकडचं उंचीचं मॉडेल ३० मीटरच्या चौकटींचं. किलोमीटरभरात दोन-तीन मीटर उतरणारी जमीन त्यात सापडायची नाही, त्याची स्वतःची चूकच त्याहून मोठी असते.

पलीकडच्या टोकाला एका प्रकल्पाचा नवा रस्ता, चांगला कमरेएवढ्या भरावावर. त्याखाली एकच मोरी, तीही पाणी वाहतं त्या जागेपासून शे-दीडशे पावलं बाजूला. मोरीची जागा ठरवणारा इंजिनिअर उन्हाळ्यात येऊन गेला असावा, नाहीतर आलाच नसावा.

परतताना बासा म्हणाले, तुम्ही रेघ ओढाल, मग रेघेबाहेरचं सगळं त्यांचं.

संध्याकाळी फॉर्म भरायला बसले. रकाने ठरलेले : ओरण, गोचर (म्हणजे गायरान), नाडी, इतर. आगोर 'इतर'मध्ये टाकला तर तो कुणी उघडूनही बघणार नाही. ओरणात धरला तर खोटं होईल, कारण गावातलंच कुणी त्याला ओरण म्हणत नाही. समन्वयकाचं म्हणणं, ओरणाच्या दाव्यात आगोर घुसडलास तर तहसिलीत अख्ख्या दाव्यावर शंका घेतील. हे चूक नाही, म्हणून तर चिडचिड होते. त्यात गावातले काहीजण ओरणाच्या रेघेलाच बिचकतात : उद्या वन खात्याचा शिक्का बसला आणि चराईच बंद केली तर? त्यांना ठाम उत्तर देणं माझ्या हातात नव्हतं, समन्वयकाच्याही नाही.

शेवटी संगणकावरच्या नकाशात आगोराचा वेगळा थर केला, तुटक रेषेचा. सादर झालेल्या फायलीत तो गेला नाही. पुरावा काय, तर एका माणसाने एका दुपारी दाखवलेल्या लेंड्यांच्या ओळी. पावसात ड्रोन उडवला तर चोख पुरावा मिळेल, पण सीमेवरच्या जिल्ह्यात ड्रोनची परवानगी काढणं म्हणजे वेगळंच महाभारत.

परवा बासांच्या नातवाचा फोन आला, नकाशात आगोर आला का विचारायला. सादर केलेल्यात नाही, माझ्याकडच्या थरात आहे, असं स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, मग दोन्ही एकाच कागदावर मोठे छापून द्या, ग्रामसभेत लावतो, पुढचं आम्ही बघू. समन्वयकाला अजून विचारलेलं नाही. आधी एवढा मोठा रंगीत प्रिंट जैसलमेरमध्ये कुठे निघतो ते शोधते आहे.