शुक्रवारी बुक आउट, रविवारी बुक इन: भाच्यासोबतचं सिंगापूर

माझी धाकटी बहीण सिंगापूरला टॅम्पिनीसमध्ये राहते आणि तिचा मुलगा सध्या नॅशनल सर्व्हिस करतोय, म्हणजे सक्तीची लष्करी सेवा. यंदा तिच्याकडे राहायला गेले ते मरिना बे वगैरे बघायला नाही, भाच्याला भेटायला. आल्यापासून ज्यांची ज्यांची मुलं-भाचे-पुतणे तिकडे आहेत त्या सगळ्यांचे तेच प्रश्न, कधी जावं, कुठे न्यावं, काय खायला घालावं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. आणि एक गोष्ट आधीच सांगते, तुमच्या फिरण्याचा प्लॅन त्याच्या सुट्टीवर लादू नका, तो जिथे रोज जातो, जे खातो, तिथेच त्याच्यासोबत जा. त्याच्याकडे आठवड्यातले जेमतेम दोन दिवस असतात आणि ते त्याचे असतात.

आधी थोडी माहिती, कारण आपल्याकडे हे अजून बऱ्याच जणांना माहीत नसतं. सिंगापूरमध्ये १९६७ पासून ही सेवा आहे आणि ती फक्त नागरिकांना नाही, पर्मनंट रेसिडेंट (पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना असलेल्या) आईवडिलांच्या पीआर मुलांनाही करावी लागते. आई-बाबा नोकरीसाठी पीआर झाले, मुलगा त्यांच्यासोबत पीआर झाला, की तो १८ चा झाल्यावर, शिक्षणाचा टप्पा संपला की पत्र येतं. दोन वर्षं पूर्णवेळ. पहिले काही आठवडे बेसिक ट्रेनिंग, ते पुलाऊ टेकोंग नावाच्या बेटावर, आणि सुरुवातीचे साधारण दोन आठवडे तर घरी सोडतच नाहीत. त्यानंतर शुक्रवारी संध्याकाळी सोडतात त्याला बुक आउट म्हणतात, रविवारी रात्री परत जायचं ते बुक इन. पण दर शुक्रवारी सोडतीलच असं नाही, ट्रेनिंग असलं तर शनिवारी दुपारीही सुटतात, मी असताना एकदा तसंच झालं आणि शुक्रवारचं जेवण झाकून फ्रीजमध्ये गेलं. म्हणून विमानाची तिकिटं काढताना एकाच वीकेंडवर भरवसा ठेवू नका, निदान दोन-तीन शुक्रवार मध्ये येतील असं बघा.

शुक्रवारी मी बहिणीबरोबर पासिर रिसला गेले. टेकोंगहून फेरीने चांगीच्या धक्क्यावर येतात आणि तिथून बसने पासिर रिस. एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, हिरव्या लाइनचं ते शेवटचं स्टेशन, आणि समोरच व्हाइट सँड्स नावाचा मॉल. शुक्रवारी संध्याकाळी तिथे गेलात तर कळेल, सगळीकडे बारीक केस कापलेली पोरं, पाठीवर मोठ्या बॅगा, आणि प्रत्येक जण काहीतरी खातोय नाहीतर फोनवर आईला सांगतोय की पोचलो. आमचा बसमधून उतरला, मला मिठी मारली आणि पहिलं वाक्य, "मावशी, भूक लागलीय." उन्हाने रापलेला, दंडावर डासांच्या चाव्यांचे डाग, आवाज मात्र तोच. त्याला घरी जाऊन जेवायचं नव्हतं, त्याला लगेच काहीतरी थंड आणि गोड हवं होतं, आणि ते बरोबरच आहे. आम्ही त्याला मायलो डायनोसॉर घेऊन दिलं, म्हणजे मायलो नावाचं थंडगार चॉकलेटी पेय आणि वरून न विरघळलेल्या मायलो पावडरीचा ढीग, एका दमात संपवलं. मुलाला आणायला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा, मॉलच्या आत कुठेतरी नाही, बस थांबते तिथे उभे राहा, आणि हातात पाण्याची बाटली आणि सोललेली संत्री असली तर फार उत्तम. तिथून टॅम्पिनीस एकच स्टेशन. ट्रेनमध्ये जागा रिकामी होती तरी हा बसला नाही, गणवेशात असलो की मी उभाच राहतो म्हणाला. ट्रेनमध्ये खायला-प्यायला बंदी आहे, पाणीसुद्धा नाही, ५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, तेव्हा काय ते स्टेशनात शिरायच्या आधी संपवा.

शनिवार सकाळचा काहीच कार्यक्रम ठेवू नका. अकरापर्यंत झोपतो तो, झोपू द्या. बॅगेतले कपडे आल्याआल्या काढून घ्या, कारण चिखल वाळला की निघत नाही, आणि घामाने भिजलेला गणवेश बॅगेत रात्रभर राहिला तर वासाने घर भरतं. फील्ड कॅम्पचा, म्हणजे जंगलात राहून सराव करायचा, आठवडा झाल्यावर आला तेव्हाचं तर विचारू नका, त्या दिवसांत आंघोळ नसते, अंगाला पावडर लावून दिवस काढतात. त्या वेळी मी विचारलं काय करू रे खायला, बिर्याणी करू का, तर म्हणाला, "मावशी, वरणभात, वर तूप, आणि लिंबू. बाकी काही नको." तीनदा घेतला. त्यांच्या कुकहाऊसमध्ये मुस्लिम, नॉन-मुस्लिम आणि व्हेज असं वेगवेगळं जेवण असतं, पोटभर असतं, त्याची तक्रार नाही त्याची, पण घरचं ते घरचं.

दुपारनंतर बाहेर पडलो, लिटल इंडियाला. टॅम्पिनीसहून निळी डाउनटाउन लाइन थेट जाते, गाडी बदलायची गरज नाही. तिथलं टेक्का सेंटर हे माझ्या मते आपल्या माणसाने बघायलाच हवं, खाली एका बाजूला भाजी-मासळी-मटणाचा बाजार आणि दुसऱ्या बाजूला खाण्याचे स्टॉल, वर कपड्यांची दुकानं आणि टेलर. शनिवारीच जा असं सांगेन कारण रविवारी बांधकामावरच्या कामगार मंडळींची सुट्टी असते, अख्खा परिसर माणसांनी भरून जातो, ती त्यांची एकमेव सुट्टी, त्या दिवशी त्यांना जागा राहू द्या. टेक्कात भाच्याने त्याचं नेहमीचं घेतलं, दोन साधे प्राटे आणि एक अंड्याचा. प्राटा म्हणजे मैद्याचा, हवेत फिरवून पातळ केलेला, पदर सुटणारा, तिथे साध्याला कोसोंग म्हणतात. सोबत जी कढी-आमटीसारखी करी देतात ती बरेचदा माशाची किंवा मटणाची असते, तर शाकाहारी असाल तर आधीच डाळ करी मागा, किंवा नुसत्या साखरेबरोबर खा, तिकडे तसंही खातात आणि छान लागतं. मी पुटू मायम घेतलं, तांदळाच्या शेवया, वर ओलं खोबरं आणि केशरी रंगाची साखर. आपल्या कोकणातल्या शिरवाळ्यांची आठवण झाली, फक्त नारळाचा रस नाही. तिथून चालत सेरंगून रोडवर कोमला विलासमध्ये फिल्टर कॉफी, १९४७ पासून चालू आहे, पूर्ण शाकाहारी, सोबत सासू-सासरे असतील तर डोळे मिटून न्या.

आता बसायचं कसं ते. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे जिथे खाण्याचे खूप स्टॉल एकत्र असतात तिथे, टेबलावर टिश्यू पेपरचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली आहे, तिथे बसू नका, तुम्हीही तसंच करा, पाकीट ठेवा आणि बिनधास्त रांगेत जा. जेवण झालं की ट्रे स्वतः उचलून ठेवायचा, २०२१ पासून तो नियमच आहे, आणि ट्रे ठेवायच्या जागा हलाल आणि बिगर हलाल अशा वेगळ्या असतात, बोर्ड बघून ठेवा. भाच्याने माझा ट्रे हातातून घेऊन ठेवला, सोबत शेजारच्या टेबलावरच्या एका आजोबांचाही. साधारण चार ते सहा डॉलरमध्ये एका माणसाचं पोट भरतं. त्याला अलाउन्स मिळतो, पगार नाही, तेव्हा पैसे तुम्ही द्या, पण एखादा चहा त्याला पाजू द्या, त्याला ते हवं असतं.

चहाचं सांगते कारण मला पहिल्या दिवशी कळेना. नुसतं तेह मागितलं की कंडेन्स्ड मिल्कचा गोड चहा येतो. तेह ओ म्हणजे बिनदुधाचा पण साखर असलेला. तेह सी म्हणजे इव्हॅपोरेटेड दुधाचा, हा आपल्या चहाच्या सगळ्यात जवळचा. कोसोंग म्हणजे बिनसाखर, सिऊ दाय म्हणजे साखर कमी, पेंग म्हणजे बर्फ. तर "तेह सी सिऊ दाय" असं सांगा आणि आलं हवं असेल तर तेह हालिया. कॉफीला तेच सगळे शब्द, फक्त पुढे कोपी.

संध्याकाळी तो मित्रांबरोबर जाणार होता, बंकमधल्याच, म्हणजे कॅम्पमध्ये एका खोलीत राहणाऱ्या मुलांबरोबर. बहिणीला जरा वाईट वाटलं, दोन दिवस मिळतात त्यातही मित्र, पण मी तिला म्हटलं जाऊ दे गं, ती पोरं एकमेकांना पंधरा दिवस रडताना बघतात, आपल्याला काय कळणार. ती पोरं जालान कायू नावाच्या भागात प्राटा खायला गेली, परत प्राटा, आणि हा शेवटच्या ट्रेनने आला. मध्यरात्रीच्या आसपास ट्रेन बंद होतात, एवढी आठवण करून द्या.

रविवारी सकाळी लवकर उठायला तो स्वतःहून तयार झाला ते चांगी व्हिलेजसाठी. चांगी व्हिलेजच्या हॉकर सेंटरचा नासी लेमाक प्रसिद्ध आहे, नारळाच्या दुधातला भात, तळलेली कोंबडी, अंडं, काकडी, तळलेले बारीक सुके मासे, शेंगदाणे आणि सांबाल, म्हणजे मिरचीची चटणी. शाकाहारींनी लक्षात घ्या, सांबालमध्ये बहुतेकदा कोळंबीची पेस्ट असते, नुसता भात आणि अंडं घेतलं तरी वर सांबाल घालू नका असं आधी सांगावं लागतं. खाऊन झालं की दोन पावलांवर चांगी पॉइंटचा फेरी धक्का, तिथून पुलाऊ उबिन बेटावर लाकडी मोटारबोटी जातात. वेळापत्रक नाही, बारा माणसं जमली की बोट सुटते, माणशी ४ डॉलर, रोख. तिकडे सायकल भाड्याने मिळते. मला वाटलं होतं जंगलात आठवडा काढलेला मुलगा परत जंगलात कशाला येईल, पण तो म्हणाला इथे कुणी ओरडत नाही. चेक जावाला लाकडी पुलावरून खारफुटीतून चालत गेलो, ओहोटीला गेलात तर खेकडे, तारामासे वगैरे दिसतात, म्हणून भरती-ओहोटीची वेळ बघून निघा. तिथल्या उंच मनोऱ्यावरून पलीकडे हिरवं बेट दिसतं, तेच टेकोंग. त्याने बोट दाखवून सांगितलं आणि मग बराच वेळ बंकमधल्या गमती सांगत बसला, घरी सोफ्यावर एक शब्द बोलला नव्हता. त्याच्याशी निवांत बोलायचं असेल तर घरात समोर बसवून प्रश्न विचारण्यापेक्षा असं कुठेतरी चालत न्या, हे मी अगदी मनापासून सांगते. आणि कॅम्पच्या आतले फोटो मागू नका, आत काय काय आहे ते खोदून विचारू नका, ते त्याला सांगता येत नाही आणि नाही म्हणताना त्याला अवघड होतं. उबिनला माकडं आणि रानडुकरं आहेत, खाण्याची पिशवी हातात लटकवत फिरू नका. छत्री तर कायम, दुपारी कधीही धो धो येतो.

इथून जाताना काय न्यावं, हा सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न. चिवडा, भाकरवडी, शेंगदाण्याची चिक्की भरपूर न्या, कारण ती एकट्याची नसते, बंकमध्ये वाटली जाते, आमच्याकडच्या भाकरवडीला आता चिनी आणि मलय गिऱ्हाईक आहे. पण खसखस अजिबात नाही. खसखस सिंगापूरमध्ये निषिद्ध आहे, अमली पदार्थांच्या कायद्यात येते, आणि आपण प्रेमाने डिंकाच्या लाडवात, करंजीत, अनारशावर घालतोच. विकतच्या मसाल्याच्या पाकिटावरही घटक वाचा, गोडा मसाला घरचा असेल तर आईला विचारा. मटण-चिकनचं काही नको, च्युइंगगम नको. सिंगापूरला पोचायचा दिवस धरून आधीच्या तीन दिवसांत अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, ते फुकट आहे, आणि व्हिसा आधीच काढलेला हवा.

आणखी एक, घरात लग्न-मुंज असेल तर तो येईलच असं धरू नका. सेवेत असताना देशाबाहेर जायला परवानगी लागते, वर्षाला १४ दिवस रजा असते आणि बेसिक ट्रेनिंगमध्ये तर रजेचा विषयच नसतो. नातेवाइकांना हे आधी सांगून ठेवा म्हणजे त्याच्या आईला प्रत्येक फोनवर उत्तरं द्यावी लागत नाहीत. त्यापेक्षा तुम्हीच जा. बेसिक ट्रेनिंग संपताना परेड असते, त्याआधी २४ किलोमीटरचा मार्च असतो, ती तारीख साधता आली तर बघा, जागा आणि वेळ त्याच्या पत्रात येते.

रविवारी दुपारी चारनंतर मात्र काही ठरवू नका. बूट, इस्त्री, बॅग, नखं कापणं, सगळं त्याच वेळात असतं आणि तो गप्प होतो, तेव्हा उगाच बोलतं करू नका. जेवण साडेपाचलाच वाढा, जड नको, फेरीत आणि बसमध्ये हलतं. बहिणीने पोळी-भाजी आणि दहीभात केला होता. मग पासिर रिसपर्यंत सोडायला जा, पण बसच्या रांगेत त्याच्याबरोबर उभे राहू नका, तिथे त्याचे मित्र असतात, त्याला त्यांच्यात जाऊ द्या. परत येताना आम्ही दोघी व्हाइट सँड्समध्ये पुढच्या शुक्रवारसाठी पायमोजे, डासांचं क्रीम आणि पावडरचे दोन डबे घेऊन आलो, तेवढं तिथेच मिळतं, भारतातून वजन करून नेऊ नका.