कर्णिका १:४०० – प्रगती: सांगाडा उभा, घुमट बसला, रंगाचा वाद सुरू

मंडळी, ‘कर्णिका’ या क्रूझ जहाजाच्या माझ्या प्रतिकृतीचं काम आता दाखवण्याजोगं झालं आहे. मूळ जहाज २४५ मीटर लांब आणि ३२ मीटर रुंद, म्हणजे १:४०० ला साधारण ६१ सेंटिमीटर बाय ८. टेबलावर मावतं, कपाटात मावत नाही. पाण्याच्या रेषेखालचा भाग केलेला नाही. आडवे-उभे काप माउंट बोर्डचे, त्यांवर पातळ स्टायरीन (प्लास्टिकचा पत्रा), सांध्यांत पुट्टी. डेक एकावर एक चढवले आहेत, पण अजून चिकटवलेले नाहीत, कारण बाल्कन्यांच्या ओळी आतून रंगवायच्या आहेत.

जहाजाचा इतिहास मी एका वहीत दोन रकाने पाडून लिहितो: डावीकडे नाव, उजवीकडे मालक. ओळी जुळतील असं वाटतं, पण जुळत नाहीत. या जहाजाची सगळी गंमत तिथेच आहे.

पहिली ओळ बघा. मालकाच्या रकान्यात सिटमार, नावाच्या रकान्यात काहीच नाही. हे जहाज आणि त्याची बहीण, म्हणजे त्याच आराखड्याचं जोडीचं जहाज, ही दोन्ही सिटमार या क्रूझ कंपनीने इटलीत फिनकांतिएरीच्या मोनफाल्कोने गोदीत बांधायला दिली होती. १९८८ मध्ये पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीने सिटमार कंपनीच विकत घेतली, बांधणीतल्या जहाजांसकट. त्यामुळे ज्याने ऑर्डर दिली त्याच्या रंगात हे जहाज एक दिवसही चाललं नाही. १९९० मध्ये ते पी अँड ओच्याच प्रिन्सेस क्रूझेसचं ‘क्राउन प्रिन्सेस’ होऊन बाहेर पडलं आणि न्यूयॉर्कला सोफिया लॉरेनच्या हस्ते नामकरण झालं. पुढच्या वर्षी बहीण ‘रीगल प्रिन्सेस’ आली, तिला नाव दिलं मार्गारेट थॅचरबाईंनी.

आकार रेंझो पियानोचा. पॅरिसचं पाँपिदू सेंटर रिचर्ड रॉजर्सबरोबर करणारा हाच वास्तुविशारद. त्याने डॉल्फिनचं डोकं मनात धरून पुढचा भाग गोलसर केला आणि ब्रिजच्या (जहाज चालवण्याच्या खोलीच्या) वर मोठा घुमट आणला, त्यात कॅसिनो आणि बैठकीची जागा. धुराडं मात्र पार मागे, उंच आणि सरळ. बाजूने पाहिलं की पुढे डॉल्फिन आणि मागे गिरणीची चिमणी. त्या काळी बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. जहाजाला पूर्ण फेरी मारता येईल असा उघडा डेक नाही, ही तक्रारही रास्त होती. मला हे रूप आवडतं. आजच्या ठोकळ्यांपुढे हे जहाज निदान लांबून ओळखू तरी येतं.

घुमटाने मात्र बराच वेळ खाल्ला. कागदाच्या पट्ट्यांनी ती वक्रता येत नाही. बाल्साच्या हलक्या लाकडाचा गाभा कोरला, त्यावर पुट्टीचे थर दिले आणि पाण्याखाली पॉलिश पेपरने घासत गेलो. खिडक्यांचा पट्टा कोरायच्या फंदात पडू नका. या मापात कोरलेली खिडकी भोकासारखी दिसते. गडद करड्या रंगाचा डेकल (पातळ छापील चिकटपट्टी) चढवला आणि वर अर्ध-चकाकीचं वार्निश मारलं, की काच वाटते.

परत वहीकडे. २००० मध्ये पी अँड ओने क्रूझचा धंदा वेगळा काढला आणि पी अँड ओ प्रिन्सेस कंपनी झाली. इथे मालकाचा रकाना बदलतो, नाव तेच राहतं. २००२ मध्ये उलटं होतं. मालक तोच, पण जहाज जर्मन प्रवाशांसाठी ‘आरोझा ब्लू’ झालं, नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, ओठांत धरलेलं लाल गुलाब. २००३ मध्ये कार्निव्हल या अमेरिकी क्रूझ समूहाने ही सगळी कंपनीच पंखाखाली घेतली. पुढच्याच वर्षी नाव ‘आयडाब्लू’, नाळेवर आयडा या जर्मन ब्रँडचे ओठ आणि बाजूला तो प्रसिद्ध डोळा. २००७ मध्ये ब्रिटिश प्रवाशांसाठी ‘ओशन व्हिलेज टू’: टाय-सूटची कटकट नको म्हणणाऱ्यांचा ब्रँड, नाळेवर रंगांची उधळण. तो ब्रँड गुंडाळायचं ठरलं आणि २००९ च्या शेवटी जहाज ऑस्ट्रेलियात ‘पॅसिफिक ज्युवेल’ म्हणून चालू लागलं. तिथे ते २०१९ पर्यंत टिकलं.

म्हणजे २००३ ते २०१९ या सोळा वर्षांत नावं चार आणि अंतिम मालक एकच. कार्निव्हलसारख्या घरात जहाज विकावं लागत नाही. एका देशातला धंदा मंदावला की तेच पत्रे दुसऱ्या देशाच्या रंगात रंगवून पाठवायचे. ‘किती हात बदलले’ असं विचारणाऱ्याने आधी सांगावं, हात म्हणजे रंगारी की सातबारा?

खरी विक्री २०१९ ची. एस्सेल समूहाच्या झेन क्रूझेसने जहाज घेतलं, जलेश हा ब्रँड काढला आणि सत्तर हजार टनांची ‘कर्णिका’ एप्रिलमध्ये मुंबईत आली. आदल्याच वर्षी मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली होती, पण ती आकाराने फारच लहान. एवढं मोठं जहाज मुंबईलाच घर मानून गोवा-दीवच्या फेऱ्या करतं आहे, हे आपल्यातल्या अनेकांनी पहिल्यांदाच पाहिलं. वय तेव्हा एकोणतीस. लोक ‘म्हातारं जहाज आणलं’ म्हणाले. २०२१ मध्ये कॉर्डेलियाने आणलेली ‘एम्प्रेस’ही १९९० चीच, हे त्यांनी लक्षात घ्यावं. वय हे कर्णिकेच्या शेवटाचं कारण नव्हतं.

२०२० च्या मार्चमध्ये जगभरची क्रूझ जहाजं थांबली. एकच जहाज असलेल्या नव्या कंपनीकडे मागे टेकायला दुसरं काही नव्हतं. देणी थकली. सागरी कायद्यात दावा थेट जहाजावर लावता येतो, त्यामुळे अटक जहाजालाच होते. लिलावात विकत घेणाऱ्याला जुन्या कर्जाशिवाय मोकळं जहाज मिळतं, आणि आलेल्या रकमेवर धनको भांडतात. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये कर्णिका गुजरातेत, जहाजं तोडतात त्या अलंगच्या किनाऱ्यावर चढवली गेली. वहीत शेवटच्या ओळीला मालक आहे, भंगारवाला, पण नवं नाव नाही. पहिल्या ओळीसारखंच.

बहिणीचं नशीब वेगळं. ‘रीगल प्रिन्सेस’ची ‘पॅसिफिक डॉन’ झाली. २०२० मध्ये क्रिप्टोवाल्यांनी ती घेतली, ‘सातोशी’ नाव दिलं आणि पनामाजवळ तरंगतं गाव वसवायचं ठरवलं. ते फसलं, तीही भंगारात जाता जाता वाचली आणि आता इंग्लंडमधून ‘अँबियन्स’ नावाने चालते. आपल्या कामाचा मुद्दा हा, की डेकवरच्या बारीकसारीक वस्तूंचे आजचे स्पष्ट फोटो तिच्यावरून मिळतात. बोटींचे डेव्हिट्स (जीवरक्षक बोटी टांगायचे हात) आणि मागच्या डेकच्या पायऱ्या मी तिच्याच फोटोंवरून केल्या. मात्र वेगवेगळ्या मालकांनी आपापले बदल केले आहेत, तेव्हा सगळं डोळे मिटून उचलू नका.

फोटो शोधणाऱ्यांना एक सूचना. नावाने शोधू नका. ‘क्राउन प्रिन्सेस’ नावाचं नवं जहाज २००६ मध्ये आलं, ‘आयडाब्लू’ नावाचं २०१० मध्ये आणि ‘रीगल प्रिन्सेस’ नावाचं २०१४ मध्ये, आणि शोधात आधी तीच येतात. आयएमओ क्रमांक, म्हणजे जहाजाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, टाका: कर्णिकेचा ८५२१२२०, बहिणीचा ८५२१२३२. मालक, झेंडा, नाव काहीही बदलो, हा आकडा जहाज तुटेपर्यंत तोच राहतो.

आता रंगाचा वाद. घरचे आणि गटातले बहुतेक म्हणतात, कर्णिकाच कर. मला १९९० चं पांढरं रूप हवं आहे, धुराड्यावर प्रिन्सेसची ती केस उडणारी बाई. शेवटी ठरवलं आहे ते असं: उजवी बाजू क्राउन प्रिन्सेस, डावी बाजू कर्णिका. धुराडं वेगळं ठेवून खाली चुंबक बसवला आहे. मधल्या चार नावांसाठी धुराड्याच्या चार टोप्या होतील आणि पाहुणा कुठल्या बाजूला बसला आहे ते पाहून बदलता येतील. शुद्धतावादी मंडळी चिडतील, चिडू देत.

पुढचं काम रेलिंगचं. एक मीटरचं रेलिंग या मापात अडीच मिलिमीटर होतं, आणि बाजारातलं १:३५० चं फोटो-एच (धातूच्या पातळ पत्र्यातून रसायनाने कोरलेलं रेलिंग) त्यापेक्षा जरा उंच दिसतं. १:४०० चं कुणी वापरलं असेल तर वाकताना तुटतं का ते कळवा. आणि २०१९ मध्ये बॅलार्ड पिअरला कुणी कर्णिकेच्या मागच्या बाजूने फोटो काढले असतील तर मला धुराड्याची मागची भिंत हवी आहे. सगळ्यांनी नाळच टिपली आहे.